मागच्या सीटवरचा कप्तान

होडी चालवणं गाडीपेक्षा सोपं, असं मॅडमनी रविवारच्या सहलीत खाडीच्या धक्क्यावर पाय ठेवताच जाहीर केलं. आणि ड्रायव्हर नेहमी पुढे बसतो, म्हणून कयाकच्या, म्हणजे दोघांच्या निमुळत्या होडीच्या, पुढच्या सीटवर जाऊन बसल्यासुद्धा! मॅडम म्हणजे गावातल्या एकुलत्या एक ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीण. अर्ध्या गावाला गाडी त्यांनीच शिकवली. उरलेल्या अर्ध्यात त्यांचे यजमान.

यजमान घड्याळं दुरुस्त करत, म्हणून सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. गाडीच्या टेस्टमध्ये ते चार वेळा नापास झाले होते. दोष त्यांच्या एकट्याचा नव्हता. शिकवणीच्या गाडीत मॅडमच्या पायाशीही एक ब्रेक असे, आणि घड्याळजींचा पाय हलायच्या आत मॅडमचा पाय पडलेला असे. टेस्टला शेजारी मॅडम नसत, आणि ब्रेक आपणच दाबायचा असतो हे घड्याळजींना भिंत जवळ आल्यावर आठवे. पाचव्यांदा फॉर्म भरायचा नाही, स्कूलची अब्रू जाते, असा हुकूम सुटला होता. बावन्न वर्षांच्या या माणसाची एवढीच इच्छा उरली होती, की जगातली एक तरी वस्तू आपण वळवू तिकडे वळावी.

सहलीच्या गाइडने सगळ्यांना बजावलं की साडेअकराला ओहोटी लागते, त्याआधी परत फिरायचं. मग त्याने मागच्या सीटवरच्या घड्याळजींचे पाय तळाशी असलेल्या दोन पट्ट्यांवर ठेवून दिले.

"काका, सुकाणू यांनी वळतं. डावा पाय दाबला की डावीकडे, उजवा दाबला की उजवीकडे. पुढच्याने फक्त वल्हवायचं."

मॅडम तेव्हा शेजारच्या होडीतल्या आपल्या भावाला वल्हं कसं धरावं ते शिकवण्यात गर्क होत्या. घड्याळजींनी ही बातमी पोटात ठेवली.

पुढे गाइड, मग मेहुणा आणि त्याची बायको, शेवटी हे दोघं. भरतीच्या पाण्यावर तिन्ही होड्या खाडीतून दलदलीत शिरल्या आणि गवतातल्या अरुंद वाटांनी पार गोड्या पाण्याच्या तळ्यापर्यंत पोचल्या. वळण आलं की मॅडम हुकूम सोडत, घड्याळजी पट्टी दाबत, होडी शहाण्या गाईसारखी वळे. हाताला वळण असावं लागतं, असं मॅडम म्हणत. घड्याळजी हो म्हणत. तीस वर्षांत इतक्या आनंदाने ते कधी हो म्हणाले नव्हते.

परतताना वाटेला दोन फाटे फुटले आणि तिन्ही होड्या शेजारी-शेजारी थांबल्या. गाइडने मनगटाकडे पाहिलं आणि अजून अर्धा तास आहे, डावीकडून जवळ पडेल म्हणाला. घड्याळजींची नजरही सवयीने त्याच मनगटावर गेली. सेकंदकाटा जागच्या जागी थरथरत होता. सेल संपलेला! त्यांच्या स्वतःच्या घड्याळात बारा वाजून गेले होते.

"अहो गाइड, तुमचं घड्याळ..."

"तुम्ही मधे बोलू नका हो," मॅडम म्हणाल्या. "डावीकडे!"

घड्याळजींनी शांतपणे उजवा पाय दाबला, येतानाच्या खोल वाटेकडे.

मॅडमनी जिवाच्या आकांताने वल्हं मारलं. होडी उजवीकडेच. त्या पाण्यावर चिडल्या, वाऱ्यावर चिडल्या, वल्हं बनवणाऱ्यावर चिडल्या. तेवढ्यात डावीकडून आरडाओरडा ऐकू आला. तिकडचं पाणी ओसरलं होतं आणि दोन्ही होड्या चिखलात बसल्या होत्या. ढकलायला उतरलेला मेहुणा मांडीपर्यंत रुतला होता.

घड्याळजींनी होडी खोल पाण्यातून फिरवून त्यांच्या समोर आणली. गाइडने दोर फेकला.

"अगं, आता माझं ऐक. मी सांगेन तेव्हाच वल्हं मार."

मॅडमनी मागे वळून पाहिलं. मग, देवाशपथ, ऐकलं! घड्याळजी मोजत गेले, मॅडम वल्हवत गेल्या, आणि एकेक होडी चिखलातून बाहेर आली. मेहुण्याचा एक बूट तेवढा दलदलीला मिळाला.

धक्क्यावर गाइडने सगळ्यांसमोर घड्याळजींचा हात हातात घेतला. काका नसते तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच बसलो असतो, म्हणाला.

"म्हणजे सुकाणू मागे असतं?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"आधी का नाही सांगितलंत?"

"मधे बोलू नका म्हणालीस."

मॅडम तडक पार्किंगकडे निघाल्या. गाडीचं दार उघडलं. मग म्हणाल्या, "सोमवारी भरा टेस्टचा फॉर्म."

"गाडी काय, कुणीही चालवतं," घड्याळजी ऐटीत म्हणाले. "पुढच्या रविवारी परत होडी सांग. तू पुढे बस."

रविवारी मॅडम पुढेच बसल्या. फक्त तोंड मागे, घड्याळजींच्या पायांकडे करून.