टाकीवरचे मामाजी

बपेऱ्यात गोबरगॅस आणणारा पहिला माणूस मी! ब्याऐंशी साली. आखणी माझी, देखरेख माझी, शेण आमच्याच म्हशींचं. मग शंका कसली? गॅस पेटायच्या आदल्या दिवशी मी कुदळ घेतली आणि बायकोची चूल फोडली.

हो. आदल्या दिवशी.

"काहून फोडली जी?" रुखमाने विचारलं.

"आता तिचं काय काम? बटन फिरवलं का जाळ!"

जाळ आला. म्हणजे, देवापुढच्या निरांजनाला स्वतःचा अभिमान वाटावा एवढा! पातेल्याखाली निळा थेंब. पाण्याला घामही सुटेना. आम्ही शेजारच्या कौशल्याबाईंच्या भातावर जगू लागलो.

मग रुखमाने दिघोरीला निरोप धाडला आणि तिचे वडील, लक्ष्मणराव, आले. (माणूस नव्हे, धानाने गच्च भरलेली ढोली. वर टोपी.)

"जवाईबापू, पोरीले न्यायले आलो. चूल नाही त्या घरी पोरगी ठेवत नसतो मी."

"मामाजी, आधी गॅसवरचा चहा तर घ्या!"

"उकळला त ठेवतो. नाही त सांजच्या एस्टीनं नेतो."

म्हणजे पातेल्यात आता चहा नव्हता, माझा संसार होता! तोही गार.

मी परसात धावलो. तिथे अर्धं गाव जमलेलं. खड्ड्यात शेणकाला, त्यावर उपडी तरंगणारी लोखंडी टाकी, टाकीत गॅस. शेजारचे काटकुळे भय्याजी "आत काय गुडगुडून राहिलं?" म्हणत कान लावायला वर चढले.

"अजी, जाळ वाढला!" आतून रुखमा ओरडली.

भय्याजी घाबरून उतरले.

"कमी झाला!"

चढले.

"वाढला!"

"मी बसून पाहू का?" गर्दीतून कोणी विचारलं.

"बकरी ठेवा, बकरी!"

(बकरीने काही झालं नाही.)

तेव्हा उजेड पडला. मी हुशारीने पातळ पत्रा घेतला होता. टाकी हलकी, म्हणून गॅसवर दाबच नव्हता! आणि हवा तेवढा दाब माझ्या ओसरीवर बसून सुपारी कातरत होता.

पण सासऱ्याला शेणाच्या टाकीवर बसा कसं म्हणायचं? फळी टाकली. फळीवर घोंगडी. घोंगडीवर पांढरीशुभ्र चादर.

"मामाजी, ही मानाची जागा."

"वास येऊन राहिला ना, बापू."

"तोही मानाचाच!"

बसले. टाकी दचकली. घरात शेगडीवर असा जाळ उसळला की रुखमाने पदर सावरला. चहा उकळला. उतू गेला! मामाजींनी वरच बशीत ओतून भुरका मारला.

"जमलं," म्हणाले आणि उठू लागले.

"बाबा, बसा ना! भात चढवला आहे!"

बसले. गॅस जळेल तशी टाकी खाली, टाकीबरोबर मामाजी खाली. सकाळी गॅस भरला, मामाजी वर! परसाच्या भिंतीवरून छाती दिसली तर वरणभात, नुसती टोपी दिसली तर फक्त चहा.

रुखमा गेली नाही. मामाजीही गेले नाहीत. भात, वरण, दूध, पुन्हा चहा... उठायला उसंत कुठे?

पंधरा दिवसांनी दिघोरीहून निरोप आला. सासूबाई नवऱ्याला न्यायला येऊन राहिल्या आहेत! मग टाकीवर कोण बसणार? रुखमा मात्र शांतपणे तांदूळ पाखडत होती.

"येऊ द्या ना. माय बाबापेक्षा वजनदार आहे. तुम्ही दुसरी शेगडी घेऊन या."