पूजेवाचून राहिलेलं मशीन

गोरक्षला खोकला नव्हता, तरी त्याच्या घरात खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या जमल्या होत्या. महाळुंग्यात जवळचं मेडिकल होतं ते सख्ख्या मामाचं, उद्धवरावांचं. गोरक्ष कंडोम आणायला जायचा, मामा चष्म्यावरून बघत "काय देऊ, भाचेबुवा?" म्हणायचे, आणि गोरक्षच्या तोंडून खोकल्याचं औषध बाहेर पडायचं.

तिसऱ्या बाटलीला सोनलचा धीर सुटला. ती शेजारच्या कंपनीत ट्रेनी होती आणि एप्रिलात पर्मनंट होणार होती. तोवर पाळणा नको, असं नवराबायकोचं ठरलं होतं. फक्त ते सासूला सांगायची हिंमत दोघांतही नव्हती. तानाबाई तर चहाच्या कपाबरोबर विचारायच्या, "गोड बातमी कवा?"

"ते आणाल तेव्हाच आतल्या खोलीत या," सोनलने बजावलं. "तोवर आप्पांशेजारी झोपा."

आप्पा म्हणजे बबनराव, गोरक्षचे वडील. ते घोरायला लागले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची.

खरं तर उपाय गोरक्षच्या कंपनीतच टांगलेला होता. आरोग्य शिबिरवाल्यांनी बाथरूमच्या बोळात एक निळी पेटी बसवली होती. बटण दाबलं की कंडोम बाहेर, तोही फुकट. वर पाटी होती, 'आजार टाळा, पाळणा लांबवा.' पण बोळाच्या तोंडाशीच चहाची जागा. कप हातात घेऊन उभ्या असलेल्या दोस्तमंडळींसमोर ते बटण दाबायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

गोरक्षने खंडेनवमीवर डोळा ठेवला. त्या दिवशी कंपनीत सगळी मशीनं पुसून, माळा घालून पूजा होते आणि घरच्यांनाही बोलावतात. सगळे आरतीला जमले की बोळ रिकामा.

आरती सुरू झाली तसा तो सटकला. बटण दाबलं. पेटी घरघरली आणि अडकली. त्याने पुन्हा दाबलं, मग थापट्या मारल्या.

"काय रं, आरती सोडून हितं काय करतोयस?"

मागे तानाबाई उभ्या होत्या. पोरगा आरतीवाचून राहायला नको म्हणून त्या ताट घेऊन आल्या होत्या. त्यांच्यामागे सोनल, शेजारच्या कुसुमताई आणि आप्पा.

"पूजा!" गोरक्ष म्हणाला. जवळच्या कॉम्प्रेसरची माळ ओढून त्याने पेटीला घातली. "हे एक मशीन राहिलं हुतं."

"एवढं बारकं? काय बनवतं हे?"

"सेफ्टीचं हाय, आई."

"आन् ह्यालाच इसरला? धन्य हाय तुमची!" तानाबाईंनी पेटीला हळदकुंकू लावलं. गर्दी बघून सुपरवायझर निरंजन आला. "मावशी, ते..." एवढं तो बोलला, पण गोरक्षने डोळ्यांनीच हात जोडले तसा गप्प बसला.

"नारळ आन रं!"

खाली गुळगुळीत फरशी. तानाबाईंनी सरळ पेटीखालच्या लोखंडी अँगलवर नारळ हाणला. नारळ फुटला, आणि आतलं जे अडकलं होतं तेही सुटलं. पाकिटं भडाभडा बाहेर आली. कुसुमताईंनी प्रसादाच्या सवयीने पदर पसरला होता, तो निम्मा भरला.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं गोरक्षला झालं. तानाबाईंनी एक पाकीट उचललं, हात लांब धरून उलटसुलट बघितलं.

"तीन बाटल्या!" त्या म्हणाल्या. "उद्धव म्हनत हुता, पोराच्या छातीचा फोटो काढा. आन् मी रोज काढा पाजतीय!"

"आई, अगं..."

"गप. मला काय येडी समजलास? तवा नर्सबाई घरोघर हीच वाटायची. तुझा बाप लाजून गोठ्यात पळायचा." त्यांनी लेकाला आपादमस्तक न्याहाळलं. "म्हनून तर तू झालास."

आप्पा भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्यावरची सूचना मन लावून वाचू लागले.

"सोनल, फुडं ये."

सोनल पुढे आली. "आई, एप्रिलपर्यंतच," ती कशीबशी म्हणाली. "पर्मनंट होईस्तोवर."

"पदर पसर."

तिने पदर पसरला. तानाबाईंनी त्यात नारळाची वाटी ठेवली, तांदूळ घातले, आणि कुसुमताईंच्या पदरातली पाकिटं ओंजळीने उचलून तिची ओटी भरली. "आधी पर्मनंट हो. नातू काय यष्टी हाय व्हय, चुकली म्हंजे चुकली? मला सांगितलं असतंस तर उद्धवकडनं मीच आनली असती."

सोनल त्यांच्या पायाशी वाकली ती डोळे पुसतच उठली. सासू एवढी आपली वाटेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

निरंजन खाकरला. "मावशी, प्रसाद जरा इकडं पण!" त्याच्यामागे चहावाल्या मंडळींची रांग लागली होती. तानाबाई बटण दाबून एकेकाच्या हातावर ठेवत होत्या आणि वर "लाजू नगा" म्हणून दटावत होत्या.

गेटबाहेर पडताना आप्पांनी गोरक्षच्या खांद्यावर हात टाकला. तानाबाई पुढे गेल्यात याची खात्री करून ते हळूच म्हणाले, "बरं झालं का न्हाई रं, लाजलो ते?"