लाकडांसाठी घेतलेली रजा

यंदा शेगडीची लाकडं मी स्वतः वाळवणार, असं मी जाहीर केलं तेव्हा घरात कोणी काहीच बोललं नाही. (तेव्हाच मला शंका यायला हवी होती.)

कारण गंभीर होतं. बाबांची छाती अधू झाली होती. खोली उबदार हवी पण धूर अजिबात नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे लाकूड खडखडीत वाळलेलं हवं. बाबांनी जन्मभर सुतारकाम केलं. मी रेकॉर्ड विभागातला कारकून. लाकडाशी माझा संबंध टेबलापुरता.

पण जपून ठेवणं मला कळतं. बावीस वर्षं फायली जपल्यात. त्याच पद्धतीने मी ओल्या लाकडांचे गठ्ठे परसात रचले, प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळले, सुतळीने आवळले आणि वर तारखेच्या चिठ्ठ्या लावल्या. वारा शिरायला फट म्हणून ठेवली नाही. बाबा खिडकीतून बघत होते.

"गाठ छान मारतोस," ते म्हणाले.

माझ्या कुठल्याही कामाला त्यांनी छान म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. त्या आनंदात दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

पाच महिन्यांनी एक लाकूड ठोकून पाहिलं. टणटण वाजलं, म्हणजे वाळत आलं होतं. मग शेवटचा महिना हयगय नको, म्हणून साठलेली सगळी रजा घेतली आणि ढिगासमोर खुर्ची टाकून बसलो.

"ऑफिसात अडत असेल तुमच्यावाचून," बायको म्हणाली.

"काही अडत नाही."

"एखाद दिवस जाऊन तर या."

दोनदा पाऊस झाला. मी वरून आणखी एक प्लास्टिक चढवलं.

थंडी पडली त्या संध्याकाळी पहिला गठ्ठा सोडला. खालून पावसाचं पाणी मुरून लाकडांना पांढरी बुरशी आली होती. तरी हट्टाने शेगडी पेटवली. खोली धुराने भरली आणि बाबांना खोकल्याची अशी ढास लागली की मी घाबरून त्यांना धरून स्वयंपाकघरात आणलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. (धूर होताच, पण नुसता धूर नव्हता.)

"आता सांगून टाका, बाबा," बायको म्हणाली.

बाबांनी आधी दम खाल्ला. "तू ऑफिसला गेलास की सूनबाई रोज प्लास्टिक सोडायची. मी खिडकीतून सांगायचो, ती लाकडं उन्हात मांडायची. तू यायच्या आत पुन्हा बांधायची. तुझी गाठ शिकायला तिला आठवडा लागला."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"आयुष्यात पहिल्यांदा लाकडाला हात लावलास. बोललो असतो तर सोडून दिलं असतंस."

बायको तोवर माळ्यावरून कोरडी लाकडं घेऊन आली. मी रजेचा अर्ज दिला त्याच दिवशी तिने मागच्या रांगेतले गठ्ठे आत हलवले होते. त्यांवर बाबांचा हिवाळा निभावला.

यंदाही लाकडं मीच बांधली आहेत, तशीच गच्च. परवा साहेबांनी विचारलं, "इतकी रजा शिल्लक आहे, घेत का नाही?"

"घेता येत नाही, साहेब," मी म्हणालो. "घरी लाकडं वाळताहेत."