हप्त्याची बत्तिशी

फौजदारीणबाईंचे दात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडले ते भांडताना. फाटकासमोर टेम्पो आडवा लावणाऱ्या ड्रायव्हरचा त्या गॅलरीतून वाकून उद्धार करत होत्या. त्याच्या आजोबांपर्यंत पोचल्या, ऐन रंगात आल्या, आणि बत्तिशी तोंडातून निसटली. खाली पडली तेव्हा ती चांगली शाबूत होती. मग त्या गुणी बाळाने टेम्पो मागे घेतला. "तुम्हीच म्हणालात ना, गाडी हलव म्हणून!" असं वर बघून म्हणाला आणि निघून गेला.

बाईंच्या घराण्यात फौजदार कुणीच नव्हतं. नाव गल्लीने ठेवलं होतं आणि बाईंनी ते मानाने घेतलं होतं.

नवे दात करायला मुलाकडे पैसे नव्हते. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लोकांना वर पोचवून स्वतः मात्र खालीच राहिला होता. मोटारसायकलचं कर्ज, सोफ्याचं, मोबाइलचं, आणि या तिन्हींचे हप्ते भरायला काढलेलं चौथं. शेवटी कर्ज-सल्ला कार्यालयातल्या एका मॅडमने चारही ठिकाणी बोलून व्याज थांबवलं आणि नवराबायकोच्या पगारातून महिन्याला एकच हप्ता बांधून दिला. अट एवढीच, की तिला विचारल्याशिवाय नवी उधारी करायची नाही. केली की योजना मोडली, आणि चौघेही वसुलीवाले पुन्हा दारात.

मॅडम मागच्या खेपेला आली तेव्हा बाई तोंडावर रुमाल धरून बसल्या होत्या. रुमालाआडूनही त्यांनी तिला झोडपून काढलं, पण शब्द असे फुसफुसत बाहेर येत होते की मॅडमला तो आशीर्वाद वाटला. ती वाकून नमस्कार करून गेली. जाताना म्हणाली, "आजींचे दात कर्ज फिटल्यावर बघू."

कर्ज फिटायला कितीतरी वर्षं होती. बाई सगळं पातळ करून पीत होत्या आणि वाळत चालल्या होत्या. मुलाला ते बघवेना. एक दिवस तो त्यांना दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला आणि नवी बत्तिशी बसली. अशी पांढरीशुभ्र, की बाईंना आरशासमोरून ओढून आणावं लागलं.

"पैसे कुठून आणलेस रे?" बाईंनी वाटेतच विचारलं.

"सांगतो मग."

ते मग उजाडलं मॅडम यायच्या दिवशी सकाळी, सूनबाई आंघोळीला गेल्यावर.

"आई, दात हप्त्याने घेतलेत. मॅडमला विचारलं नाही. हिलाही सांगितलंय की डॉक्टर ओळखीचा, फुकट केले. मॅडम असेपर्यंत तोंड उघडू नकोस."

"मग काढूनच ठेवते की."

"काढ."

बाईंनी हात तोंडापर्यंत नेला आणि खाली घेतला. "छे! परक्या बाईसमोर बोळकं घेऊन बसू? एकदा बसले तेवढं पुरे."

"मग शेजारी जाऊन बस."

"आणि इकडे ती काय काय विचारते ते मला कोण सांगणार? तू? तुला सांगायला गेलं की निम्मं तू विसरलेला असतोस. मी आत्तापासूनच रुमाल धरून गप्प बसते."

"तू? गप्प?"

"मनात आणलं तर मी काहीही करीन."

मॅडम आली, बसली, विचारू लागली. बाईंचे कान टवकारलेले. विजेचं बिल मुलाने साफ चुकीचं सांगितलं. बाईंची जीभ वळवळली, त्यांनी ती आवरली. मॅडम म्हणाली, "हा सोफा विकून टाकला तर?" बाई त्याच सोफ्यावर बसल्या होत्या. तरी गप्प!

आता मात्र मॅडम थांबली. "आजी आज बोलत नाहीत?"

"तेच मी म्हणते," सूनबाई पुढे सरकली. तिला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. "मी आंघोळ करून आल्यापासून शब्द नाही हो. शेवटी भाजीत मुद्दाम मीठ जास्त घातलं. तरीसुद्धा नाही!"

मॅडमचा चेहरा उतरला. तिच्या कार्यालयात प्रथमोपचार शिकवून झाले होते. ती बाईंसमोर उकिडवी बसली. "आजी, दोन्ही हात वर करा बघू."

दोन्ही वर केले तर रुमाल पडणार. बाईंनी एकच केला.

"डावा उचलत नाहीये! आजी, जरा हसून दाखवा."

बाई कशाला हसतात!

"बरं, नाव सांगा तुमचं."

बाईंनी छताकडे बघितलं.

"वाचा गेली हो!" सूनबाईने हंबरडा फोडला. बाई डोळे मोठे करून तिच्याकडे बघतच राहिल्या. ही आपल्यासाठी रडेल, हे त्यांनी कधी धरलंच नव्हतं.

"अर्धांग आहे," मॅडमने फोन काढला. "ॲम्ब्युलन्स बोलावते. मोठ्या दवाखान्यात हलवू."

"नको, नको," मुलगा घामाघूम. "तिला सवय आहे."

"कसली?" सूनबाई किंचाळली. "गप्प बसायची? आईंना?"

मोठा दवाखाना म्हणजे आणखी एक कर्ज, आणि तिथे पहिल्यांदा उघडणार ते तोंडच. बाईंनी रुमाल भिरकावला.

"ठेव तो फोन! धडधाकट आहे मी! आणि विजेचं बिल याने चुकीचं सांगितलंय. आणि या सोफ्याला हात तर लावून बघ!"

शब्द न् शब्द खणखणीत. मॅडम वाक्यांकडे लक्षच देत नव्हती. ती वाकून तोंडात बघत होती.

"नवीन?"

"हप्त्याने," मुलगा फरशीला म्हणाला.

"हप्त्याने?" सूनबाईचे डोळे जागच्या जागी सुकले.

मॅडम उठून सोफ्यावर सावकाश मागे टेकली. "योजना मोडली की हो तुम्ही."

मग बाईंनी पाठ फिरवली, बत्तिशी काढली, पुसली आणि मॅडमपुढे धरली. "घेऊन जा," त्या फुसफुसल्या. "त्याची योजना मोडू नकोस."

"अहो आजी, घाला आधी ते!" मॅडम सोफ्याच्या कोपऱ्यात सरकली. "इलाजाच्या खर्चाला सूट असते. विचारलं असतंत तर तेव्हाच हो म्हटलं असतं. आता हा हप्ता योजनेत धरायचा तर दोघांच्या सह्या लागतील."

मुलाने झटकन सही केली. पेन सूनबाईकडे आलं. तिने टोपण लावून ते बोटांत फिरवलं.

"मॅडम, आणि मी सही नाही केली तर?"

"तर दात डॉक्टरांना परत."

"आजच?"

"आजच."

सूनबाई खिडकीबाहेर बघत बसली. मधले ते सगळे बिनदातांचे, शांत आठवडे तिच्या चेहऱ्यावरून सावकाश जाताना बाईंना दिसत होते. त्यांनी घाईघाईने दात बसवले आणि त्या उठल्या.

"तू बस गं बाळ. दमली असशील. चहा मी टाकते."

आत बराच वेळ डबे उघडल्याचे, मिटल्याचे आवाज झाले.

"अगं, चहाची पावडर कुठे असते आपल्याकडे?"

"वरच्या फळीवर, आई," सूनबाई सोफ्यावर मागे रेलली. "आणि मला साखर कमी."

पेनाचं टोपण तिने अजून काढलं नव्हतं.