चिंतामणी म्हणजे निळा

"हिरवं सोडून काहीही घाला," भुजंग म्हणाला. पुष्पाबाईंनी चहाची बशी कपासकट खाली ठेवली.

"हिरवं सोडून? अहो, साखरपुडा हाये पोरीचा. हिरवं न्हाई तर काय पांढरं नेसवू?"

भुजंगचा फोटो स्टुडिओ अंबडला, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. आत एका भिंतीवर हिरव्या कापडाचा पडदा होता. त्या पडद्यासमोर माणसं उभी करायची, फोटो काढायचा, मग कॉम्प्युटर फोटोतलं हिरवं सगळं काढून टाकतो आणि त्या जागी बर्फाचे डोंगर भरतो, असं भुजंगने समजावून सांगितलं. माणसाने हिरवं घातलं तर? तर माणूसही काढून टाकतो. कॉम्प्युटरला साडी आणि पडदा यांतला फरक कळत नाही.

जालना जिल्ह्यातल्या माणसांनी साखरपुड्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये उभं राहावं, ही कल्पना दैवशालाताईंची होती. ताई म्हणजे नवऱ्यामुलाची, राधेश्यामची, थोरली बहीण. लग्न होऊन त्या संभाजीनगरला गेल्या आणि तिथून वर्षातून चार वेळा माहेरी येऊन सगळ्यांचे कपडे बदलून जात. बापाचं धोतर त्यांनी सोडवलं होतं. आता भावाच्या लग्नाची पाळी होती.

राधेश्यामचं अंबडला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने नुसता आवाज करून दाखवला, तरी ट्रॅक्टरचं काय बिघडलंय ते तो सांगायचा. पण दुकानाचं शटर ओढलं की त्याचं मत संपायचं. रेणू ही जाफराबादची, जालन्यात बियाण्याच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारी. सुपारी फुटल्यापासून ती त्याच्याशी फोनवर बोलत होती आणि एका गोष्टीची वाट पाहत होती. त्याचं एखादं तरी वाक्य 'ताई' या शब्दाने सुरू न होणारं असावं. साखरपुडा अजून व्हायचा होता, त्यामुळे मागे फिरायला रस्ता मोकळा होता. हे तिने आईला, म्हणजे पुष्पाबाईंना, सांगितलं नव्हतं.

जालन्याच्या साडीच्या दुकानात पुष्पाबाई हिरव्यावरून हलेनात आणि दैवशालाताई हिरव्याला हात लावू देईनात. गादीवर साड्यांचा ढीग झाला. शेवटी दुकानदाराने, त्याला जेवायला जायचं होतं म्हणून, वरच्या फळीवरून एक साडी काढली आणि झटकून पसरली.

"ताई, हा चिंतामणी बघा. फुल डिमांडमध्ये हाये."

चिंतामणी हा रंग नेमका कोणता, याबद्दल महाराष्ट्रातल्या दोन बायकांचं अजून एकमत झालेलं नाही. ट्यूबलाइटखाली ती साडी निळी दिसत होती. दारापाशी नेली की हिरवी दिसत होती. पुष्पाबाई तिला दारापाशी नेऊन उभ्या राहिल्या आणि समाधान पावल्या. दैवशालाताई गादीवरच बसून राहिल्या आणि त्याही समाधान पावल्या.

"बघा मावशी, तुमचंबी झालं आन् माझंबी," ताई म्हणाल्या. "मी कधी कोणाचं मन मोडत न्हाई."

"ताई, पण उजेडात ही हिरवीच दिसती," रेणू म्हणाली. "त्या पडद्यापुढं चालंल का?"

"चिंतामणी म्हणजे निळा. ज्याला हिरवा दिसतो त्यानं डोळे तपासून घ्यावेत." मग जरा मायेने, "तू जास्त विचार नको करू. प्रयोगशाळेतलं डोकं प्रयोगशाळेतच ठेव."

नेसायचं रेणूला होतं, पण तिला कोणता रंग हवा हे कोणीच विचारलं नव्हतं. दुकानदारानेसुद्धा नाही. त्याला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं की कोणाकडे बघून साड्या उलगडायच्या.

राधेश्यामलाही त्याच रंगाचा कुर्ता शिवायचं ठरलं. जोडी एकाच रंगात असली की तिला ट्विनिंग म्हणतात आणि संभाजीनगरात सध्या तेच चालतं, अशी माहिती ताईंनी दिली. त्या संध्याकाळी रेणूने फोन केला.

"तुम्हाला कसा वाटला रंग?"

"ताईनं घेतला न? मंग बराबर असंल."

"पण तुम्हाला?"

"मला काय... ताई म्हणती मला खुलून दिसंल."

रेणूने फोन ठेवला आणि बराच वेळ चार्जर शोधत राहिली. चार्जर तिच्या हातातच होता.

फोटोच्या दिवशी भुजंगने दोघांना पडद्यासमोर उभं केलं. मोठे दिवे लावले. कॅमेऱ्यातून पाहिलं. डोळा बाजूला केला. परत पाहिलं.

"मॅडम, थोडी अडचण हाये. हे हिरव्यात येतं."

"हा चिंतामणी आहे," दैवशालाताई म्हणाल्या. "चिंतामणी म्हणजे निळा. रंग कळत नसतील तर फोटोचा धंदा कशाला करता, भुजंगभाऊ?"

भुजंगचा गेला हंगाम रिकामा गेला होता. त्याने कॅमेरा उचलला.

दैवशालाताई स्वतः केशरी साडीत आल्या होत्या, काठ वीतभर. त्यांना फोटोत यायचं नव्हतं, फक्त रेणूच्या निऱ्या सारख्या करायच्या होत्या. मग राधेश्यामची हनुवटी वर करायची होती. मग दोघांतलं अंतर. "काढत राहा तुम्ही, मी निघतेच," असं म्हणत त्या दुपारभर दोघांच्या मध्ये उभ्या होत्या.

"नीट बघून घेतो, मंग उद्या देतो," भुजंग म्हणाला.

"उद्या? नाना गावाकडं वाट पाहून राह्यले. पावण्यांचा ग्रुप वाट पाहून राह्यला. जल्दी करा."

कॉम्प्युटरने हिरवं काढून डोंगर भरले, फोटो ताईंच्या फोनवर आले आणि ताईंनी ते उघडून न बघताच ग्रुपवर ढकलले. जिन्यावरून उतरेपर्यंत त्या खुशीत होत्या.

खाली खताच्या पोत्यांपाशी सगळ्यांनी फोन उघडले.

मागे बर्फाचे डोंगर झकास आले होते. डोंगरांपुढे हिरवंगार कुरण होतं आणि कुरणात राधेश्यामची मान व डोकं अधांतरी उभं होतं. खाली पांढरा पायजमा घातलेले दोन पाय होते. मान आणि पायजमा यांच्या दरम्यान, जिथे सर्वसाधारणपणे छाती असते, तिथे एक तपकिरी गाय चरत होती. रेणूचा चेहरा, कोपरापासूनचे हात आणि साडीचे जरीचे काठ शिल्लक होते. निऱ्यांचा सावलीत राहिलेला भाग तेवढा कॉम्प्युटरने निळा ठरवला होता, त्यामुळे तिच्या कमरेखाली हवेत काही चिंध्या लोंबत होत्या. आणि या दोन्ही अवशेषांच्या मध्ये, प्रत्येक फोटोत, डोक्यापासून पायापर्यंत सगळंच्या सगळं माणूस एकच होतं. केशरी साडी, वीतभर काठ, कमरेवर हात.

ग्रुपवर आधी एका आत्याचं 'अभिनंदन दैवशाला' आलं. मग राधेश्यामच्या वडिलांचा, कचरूनानांचा, आवाज आला. नाना टाइप करत नसत.

"फोटू लई झ्याक आलेत. पर मला एक सांगा, नवरी कोन्ती? दैवशाला तर आपलीच हाये. तिचं तर लगीन झाल्तं न?"

पुष्पाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडतायत की हसतायत हे कळायला मार्ग नव्हता.

"कॉम्प्युटर खराब आहे," ताईंनी निकाल दिला. "रंगाचा काही संबंध न्हाई. दुरुस्त करून घ्या, आपण पुढच्या रविवारी परत येऊ."

त्या संध्याकाळी राधेश्यामनेच फोन केला. आजवर फोन रेणूच करत आली होती.

"ताई म्हणती कॉम्प्युटर बिघडलाय."

"तुम्ही काय म्हणता?"

पलीकडे कोणीतरी लोखंडावर हातोडी मारत होतं. ठोके थांबले.

"मला छाती न्हाई त्या फोटोत," राधेश्याम म्हणाला.

"ते मलाबी दिसलं."

"दुकानात पोरं हसून राह्यलेत. एक गिऱ्हाईक आल्तं, म्हणतंय, शेठ, तुमच्या गाईला किती दूध हाये?"

रेणू हसली नाही. म्हणजे फोनमध्ये ऐकू जाईल असं हसली नाही.

"रविवारी काय घालणार?"

"ताईला..." तो थांबला. हातोडी पुन्हा सुरू झाली.

"हिरवं सोडून काहीही घाला," रेणू म्हणाली. "तेवढं एक तुमचं तुम्ही ठरवा. मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन त्याच साडीच्या दुकानात गेली. स्वतःसाठी तिने एक डाळिंबी साडी उचलली, आवडली म्हणून, पाच मिनिटांत. मग दुकानदाराला म्हणाली, "तो चिंतामणी अजून हाये का? तस्साच पाहिजे."

"आता कोणाला?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"ताईंना. नवऱ्याच्या बहिणीला मानाची साडी द्यावी लागती न?"

"अगं, पण तोच रंग? राग येईल त्यांना."

"कसा येईल? त्यांच्या हिशेबानं तो निळा हाये."

पुष्पाबाईंनी लेकीकडे नीट पाहिलं आणि, त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं तरी, भाव न करता पैसे दिले.

रविवारी स्टुडिओत पुष्पाबाईंनी दैवशालाताईंना पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, ओटी भरली आणि साडी हातात दिली. "मानाची हाये ताई. आजच नेसा. माझ्या डोळ्यांदेखत."

ताईंनी घडी उघडली. दिवे चालू होते. साडी त्यांच्या मांडीवर, पडदा त्यांच्या मागे, आणि त्या दोन्हींत जो काही फरक होता तो शोधायला वेळ लागला असता.

"हाच रंग?" त्या म्हणाल्या.

"तुम्हाला आवडतो म्हणून मुद्दाम आणला," रेणू म्हणाली. "चिंतामणी. निळा."

भुजंग भिंतीकडे बघत होता. पुष्पाबाई कुंकवाचा करंडा बंद करत होत्या. मानाची साडी नाकारता येत नाही. आणि हिरवी आहे म्हणून नाकारावी, तर आठवडाभर सगळ्या पाहुण्यांना जे बजावून सांगितलं ते गिळावं लागलं असतं. ताई आत गेल्या आणि साडी बदलून आल्या.

तेवढ्यात राधेश्याम जिना चढून आला. अंगात विटकरी रंगाचा शर्ट होता, ताईंनी फार पूर्वी बाद केलेला. कॉलर जराशी झिजली होती. त्याने एकदा बहिणीच्या साडीकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे, आणि मग रेणूकडे. आवाज ऐकून ट्रॅक्टरचं दुखणं ओळखणारा माणूस होता तो. शटर पहिल्यांदाच उघडं राहिलं होतं.

दोघं उभे राहिले. दैवशालाताई निऱ्या सारख्या करायला सवयीने मध्ये आल्या. भुजंगला राहवेना.

"मॅडम, तुम्ही जरा बाजूला... म्हणजे ही साडी..."

"राहू द्या भुजंगभाऊ," राधेश्याम म्हणाला. "निळा ताईला शोभतो."

वाक्यात ताई होतीच. पण सुरुवातीला नव्हती. रेणूने कपाळावरचे केस मागे सारले आणि बऱ्याच दिवसांनी मोकळेपणाने हसली.

"ताई," ती म्हणाली, "अजून थोडं मधे या न."