आख्टुंग, समोर बकरी

"आख्टुंग, डावीकडे सायकल. आख्टुंग, समोर आजीबाई, सोबत कुत्रा. कुत्रा तपकिरी."

आमच्या वरच्या मजल्यावरचे सबनीसकाका गाडी चालवतात ती अशी. आख्टुंग म्हणजे जर्मन भाषेत सावधान. हॅनोव्हरच्या सरळसोट रस्त्यावर सावध राहण्यासारखं काय असतं, देव जाणे. पूर्वी हा माणूस स्टिअरिंगवर बसला की तोंडात गुळणी धरल्यासारखा गप्प असायचा. गेल्या हिवाळ्यापासून हे खूळ लागलं. रिटायर झालेत, चालायचंच, असं म्हणून आम्ही सोडून दिलं.

नलूकाकूंची नजर हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी गेल्या वर्षी सांगितलं तेव्हा काकू रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मला तो कॅरिबियनचा निळा समुद्र दाखवा. दिसतंय तोवर." 'तिथले रस्ते धड नाहीत' म्हणून काका वर्षानुवर्षं टाळत आले होते. या वेळी मुकाट्यानं तिकिटं काढली. मलाही काकूंनी ओढलं. "चल गं, यांचं समालोचन मला एकटीला झेपायचं नाही."

बेटावर भाड्याची गाडी मिळाली. काकांनी बॅगेतून काय काढावं? गाडी अडली की मागे रस्त्यावर मांडायचा, हॅनोव्हरहून आणलेला लाल त्रिकोण आणि तीन पिवळी जाकिटं. तिथे गाडी डावीकडून चालवायची. "अगं, हे तर आपलं मिरज," म्हणत काका खुशीत निघाले. पण हाताला जर्मनीची सवय. वळताना इंडिकेटर द्यायला जावं तर वायपर सुरू. रखरखीत उन्हात आम्ही प्रत्येक वळणावर काच पुसत गेलो.

"आख्टुंग, खड्डा. आख्टुंग, खड्ड्यात कोंबडी. कोंबडी काळी."

मग रस्त्याच्या मधोमध बसलेली बकरी आली. काकांनी गाडी थांबवली, जाकीट चढवलं, मागे जाऊन त्रिकोण मांडला. नियम म्हणजे नियम. बकरी उठली, त्रिकोण हुंगून आली आणि परत जागेवर बसली. काकू सारख्या सूर्याकडे बघत होत्या. तिन्हीसांजेला त्यांना आता काही दिसत नाही, आणि समुद्र अजून लांब होता.

तेवढ्यात मागून आलेल्या मिनीबसनं हॉर्न दिला. जर्मनीत हॉर्न म्हणजे शिवीच. काका तरातरा गेले. "माझं काय चुकलं?"

"काही नाही. नमस्कार केला," ड्रायव्हर हसला. त्यानं बकरीला शिंगांना धरून बाजूला केलं.

झालं. पुढे काकांनी दिसेल त्याला हॉर्न दिला, बकऱ्यांनाही. जर्मनीत इतकी वर्षं दाबून धरलेले सगळे नमस्कार त्यांनी त्या दुपारी उरकून घेतले.

शेवटचं वळण आलं, वायपर फिरला आणि समोर समुद्र. ऊन अजून होतं. माझा जीव भांड्यात पडला. काकांनी गाडी बंद केली.

"आख्टुंग," ते हळूच म्हणाले. "समोर समुद्र. काठाशी हिरवा, मग निळा, पार पलीकडे शाईसारखा. डावीकडे होडी. होडी पिवळी."

"अहो, दिसतंय मला अजून," काकू म्हणाल्या.

काका समोरच बघत होते. "माहितेय गं. सराव करतोय."

मागच्या सीटवर मला तो तपकिरी कुत्रा आठवला. काकूंनी काकांच्या हातावर हात ठेवला.

"मग नीट करा. होडी पिवळी नाही, केशरी आहे."