पूर्ण आराम

झोपलेला माणूस तक्रार करत नाही, हे वैद्यकशास्त्रातले सर्वांत जुने आणि सर्वांत दुर्लक्षित सत्य आहे. आमच्या रुग्णालयाने ते मनावर घेतले, याचा औषध-चाचणी समितीचा सचिव या नात्याने मला अभिमान वाटतो.

मूळ कल्पना एका तरुण संशोधक बाईंची. झोप आणणाऱ्या हार्मोनच्या गोळ्या बाजारात आहेतच. विषाणूमुळे फुप्फुसांना येणारी सूजही त्या कमी करत असतील का, हे नीट तपासून पाहावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. (बाईंना ‘असतील का’ असे बोलायची सवय आहे. समितीत ही सवय फार दिवस टिकत नाही.) नवे औषध शोधायला जन्म जातो, जुन्याला नुसते नवे काम सांगावे लागते. निवृत्त मामांना आपण भाजी आणायला पिटाळतो, तसेच हे. चाचणी एकमताने मंजूर झाली.

अडले ते मोजमापापाशी. बाईंनी रक्त, छातीचे फोटो, ऑक्सिजन अशा तपासण्यांचा धोशा लावला. अध्यक्ष, म्हणजे आमचे मोठे डॉक्टर, म्हणाले की एवढा पसारा कशाला, रोग्याला ‘आराम आहे का’ असे विचारले की झाले. आपल्या भाषेत विश्रांती म्हणजेही आराम आणि बरे वाटणे म्हणजेही आराम. एका शब्दात दोन तपासण्या उरकत असतील तर यंत्रांना कशाला त्रास द्यायचा?

अर्ध्या रोग्यांना झोपेची गोळी मिळाली, अर्ध्यांना साखरेची. साखरवाले टक्क जागे. ते खोकले, कण्हले, पंखा कुरकुरतो म्हणाले, उशी टोचते म्हणाले. त्यांच्यापुढे ‘प्रकृती चिंताजनक’ असे लिहावे लागले. गोळीवाले मात्र काहीच बोलले नाहीत. मौन म्हणजे संमती, म्हणून ‘आराम’. जे घोरत होते, त्यांना ‘पूर्ण आराम’.

खिडकीजवळच्या खाटेवर एक शिंपी होता. त्याला पूर्ण आराम होता. त्याची बायको शेजारी स्टुलावर बसून असे आणि नवऱ्याच्या बरगड्या कशा आत ओढल्या जातात, नखे कशी निळी पडताहेत, ते पाही. (नातेवाइकांना निरीक्षणाचे प्रशिक्षण नसते.) तिने सिस्टरना सांगितले, सिस्टरनी तक्ता दाखवला. मग तिने मोठ्या डॉक्टरांना वाटेत गाठले.

“डॉक्टरसाहेब, हे नुसते झोपलेत. बरे झालेले नाहीत.”

डॉक्टरांनी समजावले की आराम आहे. तिने विचारले, कुठला? प्रश्न मूलभूत असल्याने आम्ही तातडीने उपसमिती नेमली आणि त्यात एक भाषातज्ज्ञही घेतले.

शिंप्याच्या बायकोला उपसमितीइतका धीर नव्हता. तिने नवऱ्याला हाका मारल्या, गदागदा हलवले, पण तो ढिम्म. शेवटी त्याच्या कानाशी वाकून ती म्हणाली, “अहो, गिऱ्हाईक आलंय.”

शिंप्याने डोळे उघडले. “बसायला सांग,” तो म्हणाला. मग जरा वेळाने, “श्वास पुरत नाही गं.”

रोगी जागा झाला आणि वर तक्रारही केली, म्हणून नियमाप्रमाणे त्याला चाचणीतून बाद केले. तिथून तो साध्या वॉर्डात गेला. तिथे संशोधन चालत नसल्यामुळे नाइलाजाने उपचार करतात. त्यांनी ऑक्सिजन लावला आणि शिंपी आपल्या पायांनी घरी गेला. चाचणीतले हे एकमेव अपयश. बाकीच्यांच्या आरामात कुणी व्यत्यय आणला नाही. काहींचा तर कायमचाच झाला.

गोळी विषाणूवर चालते की नाही हे अजून कुणालाच कळलेले नाही, असे संशोधक बाईंनी लेखी कळवले. त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवून आराम करायला सांगितले आहे.

चाचणीचा हा अहवाल आम्ही लपवलेला नाही. लोकांच्या हरकतींसाठी तो रुग्णालयाच्या दारातच लावला होता, आणि आता, वाचकहो, तुम्हीही तो शेवटपर्यंत वाचलात. अद्याप एकही हरकत आलेली नाही. तुमच्या नावापुढे आम्ही ‘पूर्ण आराम’ असे लिहून घेतले आहे.